डाव्या मडगार्डाखालचा अंगठा

दुधाचं भांडं निम्मं घासून झालं होतं. एक बाजू आरशासारखी, दुसरी अजून तव्यासारखी काळी. जुळवेकाका मोरीशी बुटक्या स्टुलावर बसून, बोटांखाली सहाशे नंबरचा वॉटर पेपर धरून, पाण्याची बारीक धार सोडत घासत होते. गोल गोल नाही, एकाच दिशेने. चाळीस वर्षं गाड्यांचे रंग घासलेला हात तो, भांडं समोर आलं म्हणून थोडाच वळण सोडतो.

भांडं घरचं नव्हतं. दोन दारं सोडून राहणाऱ्या शिवणवाल्या वहिनींचं होतं. घरी माणसं जास्त जेवायला होती म्हणून काकूंनी ते मागून आणलं, दुसऱ्या दिवशी त्यातच दूध तापत ठेवलं आणि प्रार्थनेला बसल्या. प्रार्थना लांबली, दूध आटलं, मग करपलं. काकूंचं त्यावरचं म्हणणं साधं होतं. मी ज्याच्याशी बोलत होते त्याला सगळं दिसतं, तर त्याने सांगायचं नाही का, बाई, दूध लागतंय म्हणून.

एवढ्यात फोन आला. डॉक्टरांची मुलगी बोलत होती. गाडी तपासणारे गृहस्थ दुपारी यायचे ते आत्ताच आलेत, तर काका, तुम्ही लगेच या. काकांनी हात धुतले आणि वॉटर पेपरचा ओला तुकडा सवयीने घडी घालून शर्टाच्या खिशात टाकला.

"आणि हे?" काकूंनी भांड्याकडे बोट केलं.

"आल्यावर."

"आठवणीने करा हो. निम्मं लखलखीत भांडं परत देणं म्हणजे उरलेला डाग बोट ठेवून दाखवणं."

काका निघाले. जिना उतरताना दोनदा थांबले. एकदा खोकल्यासाठी, आणि एकदा उगाच.

त्यांचं खरं आडनाव आता फक्त लाइटबिलावर उरलं होतं. गाड्या रंगवणाऱ्यांच्या गल्लीत सगळे त्यांना जुळवे म्हणत, कारण कुठलाही रंग ते हुबेहूब जुळवून देत. नखाएवढी खपली आणून दाखवा, उन्हाने उतरलेली असो की धुराने पिवळी पडलेली, काका चार डबे उघडणार, काडीने थेंब थेंब टाकणार, डोळा बारीक करणार आणि म्हणणार, घ्या. ह्यांनी रंगांऐवजी लग्नं जुळवायला घेतली असती तर गावात एक घटस्फोट झाला नसता, असं लोक म्हणत. त्या कसबाची किंमत छातीने भरली. गेल्या महिन्यात इस्पितळात एक्स-रे दिव्यासमोर धरला तेव्हा दोन्ही फुप्फुसांवर पांढरं पसरलेलं दिसलं, प्राइमरचा पहिला हात मारावा तसं. किती दिवस, हे काकांनी विचारलं नाही. काकूंनी विचारलं, आणि उत्तर त्यांनी देवाजवळ ठेवलं, नवऱ्याजवळ नाही.

आज जायचं होतं ते एका सहीसाठी. डॉक्टर वर्षापूर्वी गेले. त्यांची गाडी एका संग्राहकाने मागितली होती. अट एकच, गाडीला कारखान्यातून निघाल्यापासून कुणीही हात लावलेला नसावा. पत्र्याच्या गाडीला चुंबक लावून कळतं, आत भर घातली आहे की नाही. ही गाडी पत्र्याची नव्हतीच, काचतंतूंची होती. तिला चुंबक चिकटतच नाही. मग उरतो तो माणसाचा शब्द. एवढी वर्षं गाडी सांभाळणाऱ्या कारागिराने लिहून द्यायचं, ही गाडी मूळची आहे, कुठेही दुरुस्त झालेली नाही. सगळं त्या सहीवर अडलं होतं.

आणि काकांना ठाऊक होतं की ते खोटं आहे.

गाडी अमेरिकन बनावटीची, दोनच माणसं बसतील अशी, दुमडता येणाऱ्या कापडी टपाची. रंग साईचा, सीट लाल. डॉक्टरांनी ती तरुणपणी घेतली आणि एकच दंडक घातला. जुळवे, हिची फक्त धूळ पुसायची. पॉलिश नाही, रंग नाही, शिलाई नाही. मी म्हातारा होतोय तशी हिलाही होऊ दे. म्हणून महिन्याच्या पहिल्या शनिवारी काका जात, गॅरेजची किल्ली त्यांच्याकडेच असे, आणि कोरड्या मऊ फडक्याने तासभर धूळ टिपत. ज्या माणसाचा जन्म डाग मिटवण्यात गेला त्याला एकाच गाडीपुढे हात बांधून उभं राहावं लागे, आणि नेमकी तीच त्याच्या जिवाची झाली.

नव्यासारख्या करून ठेवलेल्या जुन्या गाड्या त्यांनी स्वतःच डझनांनी केल्या होत्या. त्या गाड्या दिसत छान, पण गप्प बसत, उसने दागिने घालून लग्नाला आलेल्या बाईसारख्या. ही गाडी गप्प बसत नसे. तिच्या रंगावर थंड झालेल्या साईला पडतात तशा बारीक सुरकुत्या होत्या. चालकाच्या सीटवर डॉक्टरांच्या बसण्याचा खळगा होता. गिअरच्या गोळ्यावरचे आकडे तळव्याने खाऊन टाकले होते. शेजारच्या सीटसमोरच्या कप्प्याच्या झाकणावर पिनेने काढलेलं वाकडं फूल होतं, डॉक्टरांची मुलगी पाच वर्षांची असतानाचं. आणि दाराच्या वरच्या कडेला, जिथे डॉक्टर कोपर टेकत, तिथला रंग उडून राखाडी, राखाडी उडून तपकिरी झालं होतं, रोज पाय पडणाऱ्या उंबऱ्यासारखं. असं झिजणं कुठल्याही डब्यात मिळत नाही. ते रोज थोडं थोडं जगूनच येतं. काका कधी कधी त्या जागेवर स्वतःचं कोपर टेकत, आणि कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून दाराकडे बघत.

पुढच्या डाव्या मडगार्डाकडे मात्र ते सगळ्यात शेवटी वळत. तिथेही सुरकुत्या होत्या, तिथेही खडे उडून पडलेले बारीक टवके होते. ते सगळे काकांनी सुईच्या टोकाने स्वतः पाडलेले होते.

सव्वीस वर्षं झाली त्याला. सकाळी साडेसहाला काका दुकानाचं शटर उचलत होते तोच डॉक्टर स्वतः गाडी घेऊन आले. मडगार्डावर चादर टाकलेली. काचतंतूंच्या अंगाला पोचा पडत नाही, ते बशीसारखं तडकतं. चाकाच्या वर ओंजळभर भाग फुटून आत गेला होता. कुत्रं आडवं आलं, डॉक्टर म्हणाले. काका वाकले. तडकलेल्या कडेत हिरव्या रंगाची करंगळीएवढी रेघ अडकली होती.

दुसऱ्या कुणाला तो नुसता हिरवा दिसला असता. काकांनी तो स्वतः बनवला होता. दोन आठवड्यांपूर्वी तीन डब्यांत उरलेला रंग, एक बसचा, एक फाटकाचा आणि वर थोडा पिवळा, एकत्र करून त्यांनी आपल्या मित्राची सायकल रंगवून दिली होती. मित्र पहाटे घरोघर पेपर टाकायचा. मळकी सायकल बघून लोक पेपरही शिळा समजतात रे, असं म्हणायचा. त्या दोन आठवड्यांत तो हिरवा जगात एकाच सायकलवर होता.

काकांनी मान वर केली. डॉक्टरांनी ती नजर घेतली नाही. जमिनीकडे बघत त्यांनी एवढंच विचारलं, "मुलगी कशी आहे तुझी?"

काकांची मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. मेंदूज्वरातून उठलेली. घरच्यांनी हात टेकले होते तेव्हा ह्याच डॉक्टरांनी तिच्या उशाशी बसून तिला ओढून परत आणलं होतं, एक पैसा न घेता. डॉक्टरांचा प्रश्न धमकीचा नव्हता. धमकी असती तर काका कदाचित उलटले असते. तो उपकार होता, आणि उपकाराखाली दबलेल्या माणसाला ओरडताही येत नाही.

त्यांनी आधी ती हिरवी रेघ खरवडली. मग आतल्या बाजूने काचेचं कापड लावलं, त्यावर रेझिन. ते घट्ट होण्याआधी त्यांचा उजवा अंगठा आपोआप त्यावर टेकला. त्यांच्या उस्तादांची ती शिकवण. दुरुस्ती कितीही बेमालूम करा, आतून अंगठा उमटवायचा, म्हणजे पुढे ज्याच्या हाती ती गाडी जाईल त्या कारागिराला कळेल की इथे जोड आहे, इथे जोर लावू नकोस. गिऱ्हाइकाशी एक वेळ खोटं चालेल, कारागिराने कारागिराशी खोटं बोलायचं नाही. अंगठा उमटला आणि मग काकांना भान आलं. त्यांनी त्यावर डांबराचा काळा थर चढवला. चार दिवसांत वरचा रंग असा जुळला की डॉक्टरांनाही जागा सापडेना. काकांच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम ते, आणि ते कुणाला दाखवायची सोय नव्हती.

मित्र त्याच दिवशी रस्त्याकडेच्या नाल्यात सापडला होता, सायकल अंगावर. मृत्यूचा सरकारी कागद डॉक्टरांनीच लिहिला. तोंडाला दारूचा वास, तोल जाऊन पडला. मित्राने तीन वर्षांपूर्वी दारू सोडली होती. पण एकदा प्यायलेल्या माणसाचं सोडणं कुणाच्या लक्षात राहतं? बाटलीच तेवढी राहते.

आणि शिवणवाल्या वहिनी म्हणजे त्याच मित्राची बायको.

ज्याच्या छातीत असं काही रुतलेलं असतं त्याला माणसं टाळता येत नाहीत, उलट तीच जवळ येतात. वहिनी नंतर ह्याच इमारतीत राहायला आल्या, काकूंच्या जिवाभावाच्या झाल्या. काकांनी त्यांचं शिवणयंत्र दुरुस्त केलं, खिडकीच्या गजांना रंग दिला, त्यांच्या मुलीला शाळेत पोचवलं. वहिनी म्हणायच्या, भावोजी आहेत म्हणून निभावलं. प्रत्येक वेळी काकांना वाटे, कुणीतरी त्यांच्या पाठीत हळूच सुई खुपसतंय. मुलीच्या लग्नाच्या बोलण्यात दोनदा बापाची दारू आडवी आली, तिसऱ्यांदा मुलीनेच दूरचं गाव बघितलं आणि गेली ती फारशी परतली नाही. बापाचा फोटो घरात लावलेला नव्हता. वहिनींनीच तो कपाटात पालथा घालून ठेवला होता.

मागच्या आठवड्यातच त्या काकूंकडे बसून एका झग्याची किनार उसवत होत्या. बोलता बोलता विषय शपथेवर गेला. दाताने दोरा तोडत त्या अगदी कोरड्या आवाजात म्हणाल्या, "पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती ह्यांनी. पुन्हा थेंब घेणार नाही म्हणून. मेला त्याचं मला आता काही वाटत नाही हो, भावोजी. खोटं बोलून मेला, ते जात नाही."

काका पाणी प्यायच्या निमित्ताने उठले होते. 

गॅरेजचं दार उघडंच होतं. तपासनीस साठीचा, सावकाश बोलणारा माणूस होता. हातात लांब दांडीचा आरसा आणि विजेरी. त्याने गंमत म्हणून चुंबक बॉनेटवर ठेवला, तो घसरून खाली पडला, आणि तो म्हणाला, हिच्यापुढे आमची विद्या संपते, आता तुमचीच. डॉक्टरांची मुलगी चालकाच्या सीटवर बसली होती, डावं कोपर दारावरच्या त्या झिजलेल्या जागी टेकून. वडील गेल्यावर घरातलं सगळं वाटून झालं, ती सांगत होती. कपडे, पुस्तकं, चष्मेसुद्धा. पण बाबा कुठे बसायचे, हात कुठे ठेवायचे, हे फक्त हिलाच माहीत आहे. म्हणून मी म्हटलं, देईन तर अशाच माणसाला, जो हिच्यातलं काही पुसणार नाही.

तपासनीसाने तासभर एकेक सुरकुती पाहिली. डाव्या मडगार्डापाशी तो थांबला, वाकला, नखाने एक टवका चाचपला आणि पुढे गेला. काकांच्या मनात, देव क्षमा करो, त्या क्षणीही अभिमानाची एक लहर उठली.

मग कागद पुढे आला. टाइप केलेला, काकांचं विसरलेलं आडनाव खाली लिहिलेलं. माझ्या माहितीप्रमाणे ही गाडी पूर्णपणे मूळ स्थितीत आहे. काकांनी पेन घेतलं. सही केली की हा एक कागद डॉक्टरांच्या त्या सरकारी कागदावर जाऊन बसणार होता, आणि मित्र कायमचा दारुडा राहणार होता. डॉक्टर आता नव्हते, काकांचेही दिवस मोजके. दोघं गेल्यावर हे सांगायला उरणार होता तो एक अंगठा, तोही डांबराखाली.

त्यांनी पेन खाली ठेवलं. खिशातून वॉटर पेपरचा तुकडा काढला, गुडघ्यांवर बसले, मग कुशीवर कलंडले आणि हात चाकाच्या वर आत घातला. तपासनीसाला वाटलं म्हातारा कोसळला. तो धावला. पण आतून घासण्याचा आवाज येत होता, एकाच दिशेने, संथ. खोकला मध्ये मध्ये येत होता, काळा भुगा काकांच्या चेहऱ्यावर पडत होता. बराच वेळ गेला. मग ते म्हणाले, "आता आरसा धरा."

आरशात काचेच्या कापडाची वीण दिसली आणि तिच्यात एक अंगठा, रेषांसकट. तपासनीस जुना माणूस होता. त्याला त्याचा अर्थ सांगावा लागला नाही.

सांगावा लागला तो मुलीला. काका गाडीला टेकून जमिनीवरच बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. चादर, हिरवी रेघ, सायकल, नाला, दारूच्या वासाचा कागद. स्वतःला कुठेही वगळलं नाही. रेघ ओळखली होती, तरी खरवडली, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मुलीने दारावरचं कोपर काढून घेतलं. जिथे हात होता त्या जागेकडे ती बघत राहिली.

"बाबा असताना का नाही बोललात?"

"भीती असती तर बोललो असतो, ताई. भीती कधीतरी संपते. आम्हाला दोघांना एकमेकांची लाज होती."

"तुमची लाज." ती म्हणाली. "आणि आता मला काय उरलं?"

 तिच्याकडून एक बाप काढून घेतल्याशिवाय दुसरीला तिचा नवरा परत देता येत नव्हता. असले हिशेब ज्याने माणूस घडवला त्यालाच जमत असतील, रंगाऱ्याला नाही.

तपासनीसाने पेनाचं टोपण लावलं. डावं मडगार्ड दुरुस्त केलेलं आहे, एवढंच मी लिहीन, तो म्हणाला. बाकीच्याला माझ्या कागदात रकाना नाही. काकांनी त्याच्याकडे एक कोरा कागद मागितला. त्याने वहीतला फाडून दिला. काकांनी बॉनेटवर न ठेवता गुडघ्यावर ठेवून आत्ताच सांगितलेलं सगळं लिहिलं, वाकड्या अक्षरात, तारखेसकट. खाली सही केली. काळ्या भुग्याने माखलेला अंगठा सहीशेजारी आपसूक उमटला.

"किल्ली ठेवा," मुलगी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "आणि जा, काका."

काकांनी किल्ली शेजारच्या सीटवर, त्या वाकड्या फुलासमोर ठेवली. पहिला शनिवार आता त्यांच्यासाठी संपला. जाताना त्यांनी गाडीकडे वळून पाहिलं नाही. दाराजवळची धूळ मात्र पायाने बाजूला सारली, सवय म्हणून.

घरी काकूंनी त्यांचं तोंड पाहिलं आणि आधी टॉवेल दिला. मग त्यांनी ऐकलं.   शेवटी त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "डॉक्टरांसाठी मी रोज प्रार्थना केली. सव्वीस वर्षं. पोर वाचवली म्हणून. आणि त्या बिचाऱ्यासाठी एकदाही नाही. दारुड्यासाठी काय मागायचं, म्हटलं."

"तू कशाला..."

"तुम्ही गप्प बसा. तुमचं बोलून झालंय." मग त्यांनीच विचारलं, "तिला कधी सांगणार, दोन दारांपलीकडे?"

"तू चल बरोबर."

"नाही. मी समोर असले तर ती रडायची नाही, चहा करत बसेल. आणि तुम्हाला जे सुनवायचं असेल ते सुनवायचीही नाही. ते तुम्ही एकट्याने ऐका." त्या उठल्या, देवाच्या कोपऱ्याकडे गेल्या, पण बसल्या नाहीत. नुसत्या उभ्या राहिल्या.

काका मोरीशी जाऊन स्टुलावर बसले. सकाळचा तुकडा डांबराने भरला होता, म्हणून नवा घेतला. उरलेली बाजू घासायला घेतली. हात लवकर थकत होता, दोन घासण्यांमागे एक श्वास घ्यावा लागत होता. काळं निघायला वेळ लागला, पण निघालं. तळाशी एक तपकिरी छटा राहिली, ती किती घासली तरी जाईना. ती त्यांनी तशीच ठेवली. भांडं धुतलं, पुसलं, कोरडं केलं. लिहिलेला कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला आणि खिशाचं बटण लावलं.

मग ते भांडं घेऊन निघाले. वहिनींना ते परत द्यायचं होतं.